खोदकामाचा ठेका देण्याआधी काय ठरवून घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा: घरासाठी घेतलेला प्लॉट साफ करून, सपाट करून पाया खोदून घ्यायचा आहे. तीन ठेकेदारांना विचारले. एकाने मशीनचा तासाचा दर सांगितला, दुसऱ्याने घनमीटरचा, तिसऱ्याने सगळे मिळून एक आकडा दिला. हिशेब केला तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त यात जवळपास दुपटीचा फरक पडतो. काम कोणाला द्यावे आणि आधी काय तपासावे?

आत्ता तरी तिघांचे दर ताडून बघण्यात अर्थ नाही, कारण तिघांच्या डोक्यात तीन वेगवेगळी कामे आहेत. माती किती निघणार, ती कसली आहे, काढल्यावर कुठे टाकायची आणि पायाचे बांधकाम झाल्यावर परत काय आणि कसे भरायचे, या चार गोष्टी तुम्ही लिहून दिल्या नसतील तर प्रत्येक जण आपल्या सोयीने त्या धरतो. स्वस्त आकडा देणाऱ्याने बहुधा शेवटच्या दोन धरलेल्याच नसतात. म्हणून आधी कागद तयार करा आणि त्याच कागदावर तिघांकडून पुन्हा दर मागवा.

सुरुवात मापापासून. समजा इमारतीचा आकार १० बाय १२ मीटर आहे आणि पूर्ण क्षेत्रात १.५ मीटर खोल जायचे आहे. गुणाकार केला की १८० घनमीटर येतात आणि बहुतेक मालक तोच आकडा धरून बसतात. प्रत्यक्षात शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावायला आणि माणसाला उभे राहायला चारही बाजूंनी साधारण ६० सेंमी जागा सोडावी लागते, म्हणजे तळ ११.२ बाय १३.२ मीटर होतो. बाजू उभ्या ठेवता येत नाहीत. प्रत्येक मीटर खोलीला अर्धा मीटर बाहेर असा उतार दिला तर वरचे माप १२.७ बाय १४.७ मीटर होते. खणल्या जाणाऱ्या मातीचे घनफळ आता सुमारे २५० घनमीटर झाले. ही माती सुटी झाली की फुगते: वाळू-खडी १० ते १५ टक्के, साधी माती २० ते ३० टक्के, चिकणमाती ३० ते ४० टक्के, फोडलेला दगड ५० टक्के किंवा त्याहून जास्त. २५ टक्के धरले तरी वाहून न्यायची माती ३१० घनमीटरच्या पुढे जाते. ८ घनमीटरच्या टिपरने १८० घनमीटरच्या हिशेबात २३ खेपा दिसत होत्या, त्या ३९ किंवा ४० होतात. वाद इथेच सुरू होतात आणि त्यात दर वेळी ठेकेदार खोटा असतोच असे नाही. ब्रासमध्ये बोलणे होत असेल तर १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. मात्र तो ब्रास खड्ड्यातला की टिपरमधला, हे लिहून घ्या.

याच आकड्यांवरून तासाचा दर घनमीटरमध्ये उतरवता येतो. बॅकहो लोडर, म्हणजे सगळे ज्याला जेसीबी म्हणतात ते मशीन, त्याच्या मागच्या बकेटमध्ये साधारण पाव घनमीटर माती येते. भरणे, वळणे, ओतणे, परत येणे याला सुमारे अर्धा मिनिट लागतो. मशीन सरकवणे आणि गाडी लावून घेणे यात जाणारा वेळ वजा करता तासाला २२ ते २५ घनमीटर सुटी माती निघते. वरच्या उदाहरणात नुसते खोदणे आणि भरणे १३-१४ तासांचे काम आहे. मात्र टिपर दोनच असतील आणि माती टाकायची जागा लांब असेल तर मशीन निम्मा वेळ नुसते उभे राहील आणि त्या उभ्या वेळेचेही पैसे तुम्हीच द्याल. मशीन किती वेगाने खोदते यापेक्षा टिपर किती आहेत आणि एका फेरीला किती वेळ लागतो, यावर तासाच्या कामाचा खर्च ठरतो.

दुसरी गोष्ट, माती कसली आहे. हे बघण्यासाठी दर मागवण्याआधी चाचणी खड्डे घ्या. लहान प्लॉटला दोन-तीन पुरतात, पण ते सगळे एकाच कोपऱ्यात नकोत. उतार असेल तर एक वरच्या टोकाला, एक खालच्या. खोली पायाच्या तळाच्या निदान मीटरभर खाली. जिथे कॉलमची फुटिंग (खांबाखालचा पसरट पाया) येणार तिथे मात्र खणू नका, बाजूला खणा. फुटिंगखालची न हललेली जमीन तुम्हीच हलवून ठेवली तर नंतर ती काँक्रीटने भरावी लागते. अशा खोल खड्ड्यात उतरायचे नाही, वरून बघायचे आणि बकेटमध्ये आलेली माती हाताळायची. कडेला टेप सोडून थरांची जाडी लिहा, फोटो घ्या. विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, काच, कुजका वास दिसला तर ती मूळ जमीन नाही, कोणीतरी केलेला भराव आहे, आणि त्यावर पाया टेकवता येत नाही. खड्डा कुंपण घालून दिवसभर उघडा ठेवा, तळाला पाणी किती चढते ते कळेल. पावसाळ्यात ही पातळी बरीच वर येते, हेही लक्षात असू द्या.

माती काळी, चिकट आणि उन्हात भेगाळणारी असेल तर एक स्वस्त चाचणी जरूर करून घ्या. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली १० ग्रॅम माती एका मोजपात्रात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या मोजपात्रात रॉकेलमध्ये टाकायची. दोन्ही पात्रे १०० मिलिलिटरची. ढवळून हवा काढायची आणि २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १७ मिली दिसली तर फुगवटा ७० टक्के. ५० टक्क्यांच्या पुढे गेलेल्या मातीवर उथळ पाया घालणे म्हणजे दरवर्षी भिंतींना नव्या तिरक्या भेगा. अशा ठिकाणी खोदाईची खोली, खालचा मुरमाचा थर किंवा पाइल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) यांचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे, मशीनवाल्याचा नाही. जमिनीची भार पेलण्याची क्षमताही त्याने किंवा प्रयोगशाळेने सांगायची. ‘साहेब, जमीन दगडासारखी आहे’ या ऑपरेटरच्या शब्दावर फुटिंगचे माप ठरवू नये.

दगड लागला तर काय, हे कामाआधी ठरले पाहिजे. सगळ्यात जास्त भांडणे यावरच होतात. ‘कडक दगड’ म्हणजे काय याची व्याख्या रंगावरून किंवा आवाजावरून करू नका, खणायच्या पद्धतीवरून करा: साध्या बकेटने निघते ती माती किंवा मुरूम, बकेटच्या दातांनी उकरून निघतो तो मऊ दगड, आणि ब्रेकर (मशीनला लावायचा दगडफोड्या हातोडा) लावल्याशिवाय निघत नाही तो कडक दगड. तिन्हींचे दर वेगळे लिहून घ्या. ब्रेकर सुरू करण्यापूर्वी दगडाच्या माथ्याची लेव्हल (उंचीचे माप) दोघांनी मिळून घ्यायची आणि सह्या करायच्या, असे एक वाक्य करारात घाला. सुटे धोंडे निघतात तेव्हाही प्रश्न येतो. अमुक घनफळापेक्षा मोठा धोंडा असेल तरच तो दगड धरायचा, अशी मर्यादा ठेवा.

आता तीन तऱ्हेच्या दरांकडे येऊ. तासाचा दर वाईट नसतो. झाडोरा काढणे, जुने बांधकाम पाडणे, एखादा दिवस सपाटीकरण, अशी मोजता न येणारी कामे तासावरच द्यावीत. तिथे मशीनच्या तासमीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे रीडिंग रोज लिहून सही घ्या. घड्याळाचा हिशेब नको. किमान किती तासांचे बिल लागेल, मशीन आणण्या-नेण्याचे पैसे कोणाचे, डिझेल कोणाचे, बिघाड झाल्यास तो वेळ मोजायचा का, हे विचारा. पायाच्या खोदाईला मात्र घनमीटरचा दर मला सगळ्यात सरळ वाटतो. त्यासाठी काम सुरू होण्याआधी प्लॉटवर ३ किंवा ५ मीटरच्या चौकटीत जमिनीच्या लेव्हल घेऊन ठेवाव्या लागतात आणि खोदल्यावर त्याच बिंदूंवर पुन्हा घ्याव्या लागतात. टिपरच्या खेपा मोजून बिल मान्य करू नका. करावेच लागले तर हौद्याची लांबी-रुंदी-उंची स्वतः टेपने मोजा आणि फुगवट्याची टक्केवारी आधी ठरवा. एकरकमी आकडा घ्यायचा तर नकाशा, खोली, माती टाकण्याची जागा आणि दगडाचा वेगळा दर कागदावर असल्याशिवाय घेऊ नये. एवढे असेल तर तो मालकाला सगळ्यात निश्चिंत ठेवतो.

मशीन कोणते यावरही थोडे बोलले पाहिजे. बॅकहो लोडर साधारण २.३ ते २.४ मीटर रुंद असतो आणि चार-साडेचार मीटर खोल जातो. लहान घराला पुरतो. २० टनी पोकलेनच्या पट्ट्यांसकट रुंदी ३ मीटरच्या आसपास, खोली ६ मीटरहून जास्त, आणि ते ट्रेलरवर येते. म्हणजे ट्रेलर वळायला रस्ता हवा, फाटक हवे, आणि वर लोंबणाऱ्या वीजतारा बघायला हव्यात, कारण त्याची भुजा ९ मीटरपेक्षा उंच जाते. अरुंद बोळातल्या प्लॉटला ३ ते ५ टनांचे छोटे एक्स्कॅव्हेटर लागते. ते हळू काम करते, पण कुंपणभिंत पाडून नंतर पुन्हा बांधण्यापेक्षा परवडते. जागा न बघता फोनवर मशीन ठरवणाऱ्याला काम देऊ नका.

मशीन आत येण्याआधी तुमच्या बाजूची तयारी. जमिनीखालच्या वीज, पाणी, गॅस, दूरध्वनी आणि सांडपाण्याच्या लाइन संबंधित विभागांकडून दाखवून घ्या आणि रंगाने खुणा करा. खुणेच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा मीटर हातानेच खणायचे, बकेट लावायची नाही. नकाशात दाखवलेली खोली खरी धरू नका. वर भराव पडल्याने किंवा जमीन घासल्याने ती बदललेली असते. झाडे काढताना बुंधा कापून वर माती ओढणे ही नेहमीची पळवाट आहे. बुंधा आणि जाड मुळे जमिनीत राहिली की काही वर्षांत कुजतात, तिथे पोकळी होते आणि वरची फरशी खचते. वरची १५ ते ३० सेंमी सुपीक माती वेगळी काढून एका कडेला ढीग करा, दोन मीटरपेक्षा उंच नको. बाग करताना तीच विकत आणावी लागते. ही माती भरावात मिसळली तर नुकसान दुहेरी, कारण त्यातला पालापाचोळा कुजून भराव बसतो.

आखणी झाली की कर्ण मोजा. १० बाय १२ च्या आयताचे दोन्ही कर्ण १५.६२ मीटर आले पाहिजेत. दोन्हींत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा आखा. फक्कीच्या रेषा पहिल्या बकेटला पुसल्या जातात. म्हणून प्रत्येक रेषेच्या खुंट्या खड्ड्याच्या काठापासून दीड-दोन मीटर बाहेर ठोका आणि उंचीची मूळ खूण हलणार नाही अशा जागी, म्हणजे शेजारच्या पक्क्या भिंतीवर किंवा काँक्रीटमध्ये रोवलेल्या सळईवर ठेवा. टिपरच्या वाटेतली खुंटी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, मग दुसऱ्या दिवशीची खोली अंदाजाने घेतली जाते.

खोदताना शेवटचे १० ते १५ सेंमी मशीनने काढू देऊ नका. बकेटचे दात तळ उकरतात आणि खालची जमीन सैल करतात. तो थर हाताने किंवा बिनदाती सपाट बकेटने काढायचा, आणि ज्या दिवशी पीसीसी (पायाखालचा बिनसळईच्या काँक्रीटचा थर) पडणार त्याच दिवशी. चिकणमातीचा तळ एका पावसात लगदा होतो, उन्हात भेगाळतो; दोन्ही वेळा आणखी खोल जावे लागते. खोली चुकून जास्त गेली तर ऑपरेटर सुटी माती ओढून लेव्हल करून देतो, वरून सगळे ठीक दिसते. ते मान्य करू नका. जास्त खणलेला भाग कमी ताकदीच्या काँक्रीटने भरायचा आणि तो खर्च ठेकेदाराचा, हे करारातच असावे. तळाचा काही भाग दगडावर आणि काही मातीवर आला तर काम थांबवून इंजिनिअरला बोलवा. दगडावरची बाजू बसत नाही, मातीवरची बसते, आणि भेग नेमकी दोन्हींच्या सीमेवर वर चढते.

बाजूंबद्दल हलगर्जी नको. एक घनमीटर माती दीड ते दोन टनांची असते, आणि छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. १.५ मीटरपेक्षा खोल चरात फळ्या-टेकूंचा आधार किंवा पुरेसा उतार असल्याशिवाय कोणी उतरायचे नाही. सैल किंवा ओल्या मातीत त्याहून कमी खोलीलाही हाच नियम. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायची आणि टिपर त्याच्याही पलीकडे उभा करायचा. शिडी प्रत्येक चरात हवी. शेजारची इमारत जवळ असेल तर तिच्या पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांची रेषा खाली ओढून बघा. तुमचा खड्डा त्या रेषेला छेदत असेल तर सलग खोदायचे नाही. इंजिनिअरकडून टप्प्याटप्प्याने खोदण्याचा आराखडा घ्यायचा. त्या इमारतीतल्या आधीच्या भेगांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

पाणी लागले तर खड्ड्याच्या एका कोपऱ्यात, फुटिंगपासून दूर, छोटा हौद खणून त्यात भोके पाडलेले पिंप आणि भोवती खडी घालून पंप लावतात. पंपातून येणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला ते गढूळ येणारच, पण नंतरही त्यात वाळू येत राहिली तर तळाखालची आणि शेजारच्या पायाखालची माती वाहून चालली आहे. पंप बंद करून सल्ला घ्या.

भरावाकडे सगळ्यात कमी लक्ष दिले जाते. तोवर पैसे संपत आलेले असतात, आणि खड्डा दिसेनासा झाला की काम झाल्यासारखे वाटते. मीटरभर माती एकदम ढकलून वर पाण्याचा पाइप सोडून ठेवणे ही सर्रास पद्धत आहे. स्वच्छ वाळू पाण्याने काही प्रमाणात बसते. माती आणि मुरूम बसत नाहीत, उलट चिकणमाती पाणी धरून मऊ होते. योग्य पद्धत थरांची. प्लेट कॉम्पॅक्टर किंवा धुम्मस असेल तर सुटा थर १५ सेंमीपर्यंत, ८-१० टनी रोलर असेल तर २० ते २५ सेंमी. प्रत्येक थर बसल्यावरच पुढचा. ओलावा बघायला मूठभर माती घट्ट दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. दोन-चार तुकडे झाले तर ओलावा ठीक. भुगा झाला तर कोरडी. गोळा चपटा होऊन चिकटला आणि तळव्याला पाणी लागले तर जास्त ओली. जास्त ओल्या मातीवर रोलर फिरवला की ती गादीसारखी हलते, बसत नाही. ती पसरून वाळू द्यावी लागते. भरावात १० सेंमीपेक्षा मोठे दगड, राडारोडा, लाकूड चालणार नाही, हे लिहा.

भराव किती घट्ट बसला याचे मोजमाप प्रॉक्टर चाचणीच्या आधाराने होते. प्रयोगशाळा तुमच्या मातीची जास्तीत जास्त कोरडी घनता सांगते आणि जागेवर सुमारे १० सेंमी व्यासाचे लोखंडी नळकांडे ठोकून काढलेल्या नमुन्याची घनता तिच्याशी ताडतात. खडेमिश्रित मुरमात नळकांडे नीट ठोकता येत नाही, तिथे थरात छोटा खड्डा करून नमुना काढतात आणि त्यात वाळू ओतून त्याचे घनफळ मोजतात. ९५ टक्के ही नेहमीची अट. घनता प्रयोगशाळेत घनसेंमीला १.८५ ग्रॅम आणि जागेवर १.७० आली तर ती ९२ टक्के, म्हणजे नापास, आणि तो थर पुन्हा दाबायचा. चाचणी दर थराला शक्य नसेल तर निदान मधल्या आणि वरच्या थराला करा. जोत्याच्या भिंतीला एकाच बाजूने उंच भराव करून रोलर टेकवू नका, भिंत ढकलली जाते. दोन्ही बाजू बरोबरीने चढवायच्या आणि भिंतीलगत हलके मशीन वापरायचे.

शेवटच्या सपाटीकरणात घराभोवतीच्या पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन १५ सेंमी तरी बाहेरच्या बाजूला उतरली पाहिजे. सपाट दिसणारी जमीन पाणी भिंतीकडेच आणते. बाहेर पडणारे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाणार नाही, चरात जाईल, हे नकाशात दाखवा.

ठेकेदार निवडताना मशीनच्या मालकीची आणि तृतीय पक्षाच्या नुकसानीच्या विम्याची कागदपत्रे, ऑपरेटरचा परवाना आणि माती टाकण्याच्या जागेची परवानगी बघा. माती वाहून नेण्यालाही अनेक ठिकाणी परवानगी लागते, ती कोणी काढायची ते लिहा. केबल किंवा पाइप तुटल्यास भरपाई कोणाची, हे ठरवा: तुम्ही खूण दाखवली असेल तर त्याची, नसेल तर तुमची, अशी विभागणी रास्त आहे. पैसे टप्प्यांत द्या: मशीन जागेवर आल्यावर थोडे, तळ इंजिनिअरने पास केल्यावर मोठा हिस्सा, आणि निदान १० टक्के भरावाची चाचणी पास होऊन राडारोडा उचलेपर्यंत हातात ठेवा. भराव टाकण्याआधी पुरलेल्या प्रत्येक पाइपचा, शेजारी टेप धरून, फोटो काढा. दोन भिंतींपासूनची त्याची अंतरे नकाशावर लिहून ठेवा.